मागच्या बाकावरून

कोलकात्याच्या नैऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेल्या एका गावाचे नाव मराठी माणूस ‘बजबज’ असे लिहितो. बंगाली माणूस तेच नाव ‘बॉजबॉज’ असे उच्चारतो. इंग्रजांनी ते आपल्या कानाला ऐकू आले तसे रोमन लिपीत बांधले आणि त्या स्पेलिंगमध्ये एक ‘डी’ असा बसवला, की तो उच्चारात नेमका कुठे लपतो हे नवशिक्याला सहसा उमगत नाही. इंग्रजी शिकण्यास निघालेल्या बजबजच्या रहिवाशाची पहिली परीक्षा अशी स्वतःच्या गावाच्या नावापासूनच सुरू होते.

गाव लहान, पण इतिहासाने गजबजलेले. डिसेंबर १७५६ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या फौजेने येथील किल्ला घेतला. फेब्रुवारी १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांचा दौरा आटोपून परतणारे स्वामी विवेकानंद येथेच बोटीतून उतरले आणि आगगाडीने सियालदहला गेले. कॅनडाने परत पाठवलेल्या ‘कोमागाता मारू’ या जहाजावरील प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथेच गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांचे स्मारक आजही गावात उभे आहे. हुगळीकाठच्या ताग गिरण्यांनी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि आंध्र या प्रांतांतून कामगार आणले. खनिज तेलाच्या साठवणुकीची केंद्रे उभी राहिली. परिणामी बंगाली, हिंदी, उर्दू, ओडिया अशा अनेक भाषा एकाच वस्तीत नांदू लागल्या. अशा ठिकाणी प्रौढांसाठी इंग्रजीचा सायंवर्ग भरतो, तेव्हा एका खोलीत तीन-चार मातृभाषा शेजारी शेजारी बसतात. इंग्रजीचे अध्यापन शिकू पाहणाऱ्या छात्राध्यापकाला निरीक्षणासाठी याहून समृद्ध वर्ग मिळणे कठीण.

शिकणारे कोण?

प्रौढांच्या वर्गात येणारी माणसे हौसेने क्वचितच येतात. कोणाची बढती एका मुलाखतीपाशी अडलेली असते. कोणाला मुलाच्या शाळेतील पालक सभेत मान खाली घालून बसणे असह्य झालेले असते. कोणी दुकानदार असतो, ज्याच्याकडे येणारी बिले, करारपत्रे आणि नोटिसा इंग्रजीत असतात. कोणी गृहिणी असते. लग्नाआधी शाळेत ती हुशार गणली जात असे, आणि आता मुलांचा अभ्यास घेताना आपणच मागे पडलो आहोत हे तिला रोज जाणवते.

पश्चिम बंगालमध्ये या गरजेला एक विशेष कारणही आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने सरकारी प्राथमिक शिक्षणातून इंग्रजी वगळले आणि हा विषय सहावीपासून सुरू केला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे हा त्यामागील हेतू होता. तथापि या निर्णयावर दीर्घकाळ वाद झाला. पुढे धोरण बदलत गेले आणि २००४ साली इंग्रजी पुन्हा पहिलीपासून आले. मधल्या काळात ज्यांचे शालेय शिक्षण झाले, ती पिढी आज चाळिशी-पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना ही कथा अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडेही मराठी माध्यमात इंग्रजी अनेक वर्षे पाचवीपासून शिकवले जाई. २००० साली ते पहिलीपासून सुरू झाले. त्याआधी शिकलेल्या कित्येकांना व्याकरण येते, वृत्तपत्र वाचता येते, पण समोरच्याने इंग्रजीत प्रश्न विचारला की शब्द घशाशी अडकतात. बजबजचा तो दुकानदार आणि सांगली किंवा जळगाव जिल्ह्यातील एखादा ग्राहक यांची अडचण एकाच जातीची आहे.

पाहण्याची परंपरा

शिक्षक होण्यापूर्वी दुसऱ्याचा वर्ग पाहावा, ही कल्पना नवी नाही. महात्मा जोतिराव फुले यांनी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली. त्या पाहण्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. सावित्रीबाईंच्या अध्यापन प्रशिक्षणाच्या संदर्भातही मिस फॅरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांची नावे घेतली जातात. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी या दांपत्याने १८५५ साली रात्रशाळा काढली. आपल्याकडील प्रौढ शिक्षणाचा आरंभ सांगताना या रात्रशाळेचा उल्लेख टाळता येत नाही.

कोलकात्यात १९०८ साली डेव्हिड हेअर ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले. बंगालमध्येच, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने बंगाली विद्यार्थी इंग्रजी प्रत्यक्षात कसे वाचतात, कुठे अडखळतात, याचा बारकाईने अभ्यास केला. त्याचा द्विभाषिकतेवरील अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला. नेहमी लागणाऱ्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची त्याने संपादित केलेली यादी १९५३ साली निघाली आणि जगभर वापरली गेली. शिकणाऱ्याला आधी काय हवे आहे हे पाहा आणि मग पाठ्यपुस्तक लिहा, हे सूत्र बंगालमधील वर्गांच्या निरीक्षणातून पुढे आले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आज आपल्या अध्यापक महाविद्यालयांत छात्राध्यापक पाठ टाचण काढतो, सूक्ष्म अध्यापनाचा सराव करतो आणि सहाध्यायांचे तास पाहून निरीक्षण वही भरतो. प्रौढांना इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी केंब्रिज विद्यापीठाचे ‘सेल्टा’ हे प्रमाणपत्र प्रसिद्ध आहे. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९६२ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या एका छोट्या अभ्यासक्रमात त्याचे मूळ आहे. या प्रशिक्षणात उमेदवाराला सहा तास प्रत्यक्ष शिकवावे लागते आणि तितकेच, म्हणजे सहा तास, अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहावे लागतात. शिकवणे आणि पाहणे यांना येथे सारखाच वेळ दिला आहे.

वहीत काय टिपायचे?

मागच्या बाकावर बसलेला नवखा निरीक्षक पहिल्या दिवशी बहुधा शिक्षकालाच पाहतो. फळ्यावरचे अक्षर कसे आहे, आवाज मागेपर्यंत पोहोचतो का, वेळेचे गणित जमले का, अशा नोंदींनी त्याची वही भरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा जाणता मार्गदर्शक त्याला सांगतो, की शिक्षकाकडे पाहणे पुरे, आता शिकणाऱ्यांकडे पाहा. त्या क्षणापासून खरे प्रशिक्षण सुरू होते.

यासाठी एक सोपी पद्धत आहे. कागदावर वर्गाचा नकाशा काढायचा, प्रत्येक खुर्चीसाठी एक चौकोन करायचा आणि कोण कोणाशी बोलले त्याचे बाण दाखवायचे. तासाच्या अखेरीस तो कागद पाहिला म्हणजे निरीक्षक चकित होतो. बहुतेक बाण शिक्षकाकडून निघून पुढच्या दोन-तीन चौकोनांकडे गेलेले असतात. भिंतीलगतच्या काही चौकोनांना एकही बाण स्पर्श करीत नाही. शिक्षकाला मात्र मनोमन वाटत असते, की आज सारा वर्ग बोलला.

नेड फ्लँडर्स या अमेरिकन अभ्यासकाने वर्गातील संवाद मोजण्याची पद्धत बसवली. दर तीन सेकंदांनी निरीक्षकाने एक आकडा टिपायचा. एकूण दहा प्रकार. त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि उरलेला एक शांततेचा किंवा गोंधळाचा. त्याच्या निष्कर्षानुसार सर्वसाधारण वर्गात सुमारे दोन तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असते आणि त्या बोलण्याचाही दोन तृतीयांश भाग शिक्षकाचा असतो. ही पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु शांतता आणि गोंधळ यांना तिने एकाच खान्यात बसवले आहे. प्रौढांच्या वर्गात नेमका तोच खाना सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

कारण प्रौढ माणसाची शांतता एका प्रकारची नसते. कधी तो मनात वाक्य जुळवत असतो. कधी प्रश्नच कळलेला नसतो. कधी उत्तर येत असते, पण शेजारी आपल्याच गल्लीतला तरुण बसलेला असतो आणि त्याच्यासमोर चुकायचे नसते. या तिन्ही शांतता बाहेरून सारख्याच दिसतात. त्या ओळखायच्या तर डोळ्यांकडे, ओठांच्या हालचालीकडे, वहीवर थांबलेल्या पेनाकडे पाहावे लागते. शिकवणाऱ्याला तेवढी उसंत नसते. ती केवळ मागच्या बाकावर बसलेल्याला असते.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांतील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हीच प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढवली, की उत्तरे लांब होतात, अधिक मुले स्वतःहून बोलू लागतात. हा अभ्यास लहान मुलांचा होता. प्रौढाला तर आधी स्वतःच्या भाषेत विचार करावा लागतो, मग तो दुसऱ्या भाषेत न्यावा लागतो आणि शिवाय ‘बोलू की नको’ याचाही निर्णय घ्यावा लागतो. एका सेकंदात ही तिन्ही कामे कशी व्हावीत?

मातृभाषेची सावली

बहुभाषिक वर्गात निरीक्षकाला आणखी एक गोष्ट दिसते. चुका या बेशिस्त नसतात. प्रत्येक चुकीमागे एक नियम असतो, मात्र तो इंग्रजीचा नसून मातृभाषेचा असतो.

बंगाली भाषेत व्याकरणिक लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी ‘शे’ हा एकच शब्द, आणि आदरार्थी ‘तिनि’. त्यामुळे बंगाली प्रौढ आपल्या बहिणीविषयी बोलताना सहज ‘शी’ऐवजी ‘ही’ म्हणून जातो आणि वर्गात हशा पिकतो. बंगालीत ‘मी डॉक्टर आहे’ हे सांगताना ‘आहे’ लागत नाही; ‘आमि डाक्तार’ एवढे पुरते. म्हणून त्याच्या इंग्रजी वाक्यातील ‘अ‍ॅम’ गळून पडते. बंगाली उच्चारात ‘व’चे स्वतंत्र स्थान नाही, त्यामुळे ‘व्हेरी’चे ‘भेरी’ आणि ‘व्हिसा’चे ‘भिसा’ होते. त्याच बाकावरच्या हिंदी वा उर्दू भाषकाची ‘ही’ आणि ‘शी’ यांत गल्लत सहसा होत नाही. पण ‘स्कूल’च्या आधी एक ‘इ’ त्याला हटकून लागतो.

मराठी माणूस या वर्गात असता तर? ‘अ‍ॅम’ विसरण्याचे त्याला कारण नाही, कारण त्याच्या भाषेत ‘आहे’ ठाण मांडून बसलेले आहे. परंतु त्याचा पंखा पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी. निर्जीव वस्तूंना एकाच ‘इट’मध्ये कोंबणे त्याला सुरुवातीला जड जाते. मराठीत नामापूर्वी ‘द’ किंवा ‘अ’ अशी उपपदे नाहीत, म्हणून ती एकतर गळतात किंवा नको तेथे उगवतात. गंमत अशी, की येथे बंगाली माणसाला थोडा आधार आहे. ‘बोइ’ म्हणजे पुस्तक आणि ‘बोइटा’ म्हणजे ते विशिष्ट पुस्तक. ‘द’ची कल्पना त्याच्या घरात आधीपासून आहे, फक्त ती नामाच्या शेवटी राहते.

हे ज्याने पाहिले, तो छात्राध्यापक पुढे स्वतः शिकवताना ‘इतके साधेही येत नाही का’ असे म्हणू शकत नाही. समोरचा माणूस आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळतो आहे, हे त्याला कळलेले असते. चूक दाखवायचीच असते, पण ती कोणत्या सुरात दाखवायची, हे या समजुतीवर ठरते.

ठेव आणि उचल

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी रूढ शिक्षणपद्धतीला ‘बँकिंग’ हे नाव दिले होते. शिक्षकाने ज्ञानाची ठेव ठेवायची आणि विद्यार्थ्याने रिकाम्या तिजोरीप्रमाणे ती स्वीकारायची, या प्रकारावरील ती टीका होती. १९६३ साली ईशान्य ब्राझीलमधील आंजिकोस या गावी त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३०० प्रौढांना सुमारे ४० तासांच्या अध्यापनात साक्षर करण्याचा उपक्रम झाला. तेथे धड्यांतील शब्द शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातून निवडले होते.

बँकेशी संबंध असलेल्या कोणालाही या उपमेत एक उणीव जाणवेल. बँकेत ठेव ही ठेवणाऱ्याचीच असते, आणि ती त्याला हवी तेव्हा काढता येते. जी रक्कम गरजेच्या वेळी हाती येत नाही, तिचा आकडा पासबुकात कितीही मोठा असला तरी त्याचा उपयोग काय? प्रौढांच्या इंग्रजीचे नेमके हेच झालेले असते. शाळेत व्याकरणाचे नियम, शब्दार्थ, पाठ केलेले निबंध खात्यात जमा झाले. पण डॉक्टरांपुढे, कचेरीत, मुलाखतीत ते काढता येत नाहीत. म्हणून चांगल्या प्रौढ वर्गात नवी ठेव थोडी असते आणि जुनी ठेव वापरून पाहण्याचा सराव अधिक असतो. औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचना, रेल्वेचे आरक्षण, दूरध्वनीवरचा निरोप, नोकरीचा अर्ज हेच तेथील धडे. निरीक्षकाने वहीत लिहावे असे हे एक सूत्र: आजच्या तासात शिकणाऱ्याने स्वतःचे असे किती काढले?

रिकामी खुर्ची

लहान मुलाला वर्ग आवडला नाही तरी त्याला शाळेत जावे लागते. प्रौढावर अशी सक्ती नसते. तो भांडत नाही, तक्रार करीत नाही. एका सायंकाळी तो येत नाही, आणि मग येतच नाही. कामाची पाळी बदलली, घरी पाहुणे आले, प्रकृती ठीक नव्हती, अशी कारणे सांगितली जातात आणि ती अनेकदा खरीही असतात. पण निरीक्षकाचा नकाशा कधी कधी वेगळे सांगतो. जी खुर्ची आज रिकामी आहे, तिच्या चौकोनापर्यंत गेल्या आठवड्यात एकच बाण गेला होता, आणि त्या बाणाच्या टोकाशी सर्वांचे हसणे होते.

हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. शिक्षकही कदाचित हसून पुढच्या उदाहरणाकडे वळलेला असतो. परंतु घरात कर्ता, मोहल्ल्यात प्रतिष्ठित आणि कामावर जबाबदार असलेला माणूस या खोलीत शिरताना आपला मान दाराबाहेर ठेवून येत नाही. शिकण्यासाठी तो तासाभरापुरता लहान व्हायला तयार झालेला असतो. हा त्याचा मोठेपणा ज्याला दिसला नाही, त्याने पाठ टाचण कितीही सुबक काढले तरी वर्ग हळूहळू रिकामा होतो.

येथे हुगळीशी निगडित एक मराठी आठवण येणे स्वाभाविक आहे. टपाल खात्यात नोकरीस असलेले गोपाळराव जोशी बदलीमुळे कोलकात्यास आणि पुढे जवळच्या श्रीरामपुरास राहिले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई लग्नानंतर त्यांच्याकडेच इंग्रजी शिकल्या. गोपाळरावांची शिस्त कठोर होती आणि त्या वर्गात मागच्या बाकावरून पाहणारे कोणी नव्हते. तरीही २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे जाहीर सभेत इंग्रजीतून सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे जहाज कोलकात्याहून निघाले आणि हुगळीच्या प्रवाहातून, बजबजच्या किनाऱ्यावरूनच समुद्राकडे गेले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. घरात शिकलेली परकी भाषा एका सभेपुढे उभे राहून वापरण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. मात्र प्रत्येक शिकणाऱ्याकडून असे असामान्य धैर्य अपेक्षिणे योग्य नव्हे. सामान्य धैर्याच्या माणसालाही बोलता येईल असे वातावरण निर्माण करणे हे शिक्षकाचे काम आहे.

बँकेच्या खिडकीपाशी

मागच्या बाकावरचे हे धडे वर्गाबाहेरही उपयोगी पडतात. बँकेच्या शाखेत रोज असे प्रौढ येतात, जे फॉर्म हातात घेऊन काही क्षण स्तब्ध उभे राहतात. किरकोळ ग्राहकांसाठीचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत असावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यामुळे अडचण पुष्कळ कमी झाली आहे, हे खरेच. तरीही ‘चष्मा घरी राहिला, जरा भरून देता का?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाचा चष्मा घरी राहिलेला असतोच असे नाही. जाणता कर्मचारी ते ओळखतो, फॉर्म भरून देतो, आणि सही करण्याआधी प्रत्येक रकान्यात काय लिहिले आहे ते हलक्या आवाजात वाचून दाखवतो. पुढच्या खेपेस तोच ग्राहक निदान तारीख आणि रक्कम स्वतः लिहितो.

बदली होऊन परप्रांतात गेलेल्या अधिकाऱ्यांना तर ही परिस्थिती दुसऱ्या बाजूनेही ठाऊक असते. कोलकात्यात रुजू झालेला मराठी अधिकारी पहिले काही महिने बंगालीचा विद्यार्थीच असतो. ‘पाणी पिणे’ या अर्थी तेथे ‘जोल खावा’, म्हणजे ‘पाणी खाणे’, म्हणतात हे कळेपर्यंत त्याचीही थोडी फजिती होते. अशा वेळी जो सहकारी न हसता योग्य शब्द पुरवतो, त्याचे नाव तो अधिकारी निवृत्तीनंतरही विसरत नाही.

प्रौढांना शिकवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी काही तास मागे बसून नुसते पाहावे, असा आग्रह प्रशिक्षणात धरला जातो तो यासाठीच. आपल्या आसपास असे सायंवर्ग चालत असतील, तर सुशिक्षित निवृत्तांनी आणि तरुणांनी तेथे अवश्य जावे. मदतीची इच्छा असेल तर पहिल्या दिवशी खडू हाती घेऊ नये. एक वही घ्यावी, खुर्च्यांचा नकाशा काढावा आणि कोणत्या चौकोनापर्यंत अजून एकही बाण पोहोचलेला नाही, ते पाहावे. शिकवायला सुरुवात त्या खुर्चीपासून करावी.